प्रकल्प तुटतो तो सांध्यावर : पुणे जिल्ह्याच्या पाण्यावर घडलेले इंजिनियर विश्वेश्वरय्या

शिक्रापूरच्या आसपास दोन प्रकारची माणसं कशाची तरी वाट बघत असतात. एक असतो शेतकरी. चासकमानच्या कालव्याचं आवर्तन कधी सुटतंय आणि आपल्या चारीला पाणी कधी येतंय, याकडे त्याचे डोळे लागलेले असतात. दुसरा असतो सणसवाडी नाहीतर रांजणगावच्या कारखान्यातला इंजिनियर. एका सिस्टीममधून निघालेली माहिती दुसऱ्या सिस्टीमपर्यंत पोचली की मध्येच कुठे अडकली, हे तो स्क्रीनवर बघत असतो.

या दोघांचं दुखणं तसं एकच आहे. वरून काहीतरी सुटतं, ते मधल्या अनेक टप्प्यांतून जातं, आणि शेवटच्या माणसापर्यंत ते पोचेल की नाही हे त्या मधल्या टप्प्यांवर ठरतं.

कारखान्यातल्या इंजिनियरच्या हातात जे असतं, त्याला वर्कफ्लो इंटिग्रेशनचं डिझाइन सॉफ्टवेअर म्हणतात. नाव मोठं आहे, पण काम समजायला सोपं आहे. समजा, गाडीच्या एखाद्या पार्टची ऑर्डर आली. ती ऑर्डर नोंदवायची, गोदामात माल आहे का बघायचं, नसेल तर उत्पादन विभागाला कळवायचं, माल ट्रकवर चढला की बिल काढायचं. ही कामं वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये होतात. त्यांना एका साखळीत बांधायचं चित्र या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये काढतात.

ते चित्र ज्या फोल्डरमध्ये राहतं, त्याला प्रोजेक्ट म्हणतात. प्रोजेक्टच्या आत त्याचे घटक असतात, म्हणजे प्रक्रियेची आकृती, माहितीचा साचा, दुसऱ्या सिस्टीमशी बोलणारे जोड आणि सेटिंग. काही घटक एकाच प्रोजेक्टचे असतात, तर काही सामायिक असतात आणि चार-पाच प्रोजेक्टमध्ये वापरले जातात. खरी डोकेदुखी इथेच सुरू होते. एक सामायिक घटक बदलला की कुठला प्रोजेक्ट बंद पडेल? कोण कुणावर अवलंबून आहे? एका जागी चाललेला घटक दुसरीकडे उचलून नेला तर चालेल का?

हे प्रश्न संगणकाच्या बरेच आधीपासूनचे आहेत. याच पुणे जिल्ह्यात, सव्वाशे वर्षांपूर्वी, एका तरुण इंजिनियरपुढे ते दगड, लोखंड आणि पाण्याच्या रूपात उभे राहिले होते. त्यांचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. इंजिनियर्स डे ज्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला साजरा होतो, तेच हे विश्वेश्वरय्या. वृंदावन गार्डनमुळे आणि कृष्णराजसागर धरणामुळे आपण त्यांना म्हैसूरचे म्हणून ओळखतो. पण त्यांच्या नोकरीची पहिली जवळजवळ २५ वर्षं मुंबई प्रांताच्या सेवेत गेली आणि त्यातला मोठा काळ महाराष्ट्रातला होता.

शिष्यवृत्तीवर पुण्याला

विश्वेश्वरय्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळीचा. घर संस्कृत पंडिताचं. वडील ते लहान असतानाच गेले आणि घरची परिस्थिती बेताची झाली. बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागवला आणि १८८१ साली बी.ए. झाले.

पुढे इंजिनियरिंग शिकायला म्हैसूर संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. आज सीओईपी म्हणून जी संस्था आपण ओळखतो, तीच ही. १८८३ च्या परीक्षेत ते पहिले आले. पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी मिळायची. त्यामुळे १८८४ मध्ये असिस्टंट इंजिनियर म्हणून ते नाशिक विभागात रुजू झाले.

सुरुवातीच्याच काळात त्यांना खानदेशात धुळ्याजवळ पांझरा नदीखालून पाइपचा सायफन टाकायचं काम मिळालं. सायफन म्हणजे पाण्याला एका काठावरून दुसऱ्या काठावर नदीच्या पोटातून नेणारी नळी. पावसाळा लागला, नदीला पूर आला, चरांत गाळ भरला. काम थांबवून पाऊस ओसरल्यावर करावं असं या नव्या इंजिनियरचं म्हणणं पडलं, पण ते वरिष्ठांना रुचलं नाही. शेवटी अडचणींतून वाट काढत त्यांनी काम पूर्ण केलंच. दोन काठांवरची कामं वेगवेगळी चांगली असून भागत नाही, मधला जोड टिकला तरच पाणी पलीकडे जातं, हा धडा त्यांना नोकरीच्या सुरुवातीलाच मिळाला.

१८९० च्या दशकात त्यांना सिंधमधल्या सक्करला पाणीपुरवठ्यासाठी पाठवण्यात आलं. सिंधू नदीचं पाणी गढूळ, आणि गाळण्याची मोठी यंत्रणा उभी करायला नगरपालिकेकडे पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूच्या थरांतून झिरपत येणारं पाणी आपोआप गाळलं जायचं आणि तेच वर उपसायचं. गाळणीचा घटक विकत घ्यायला पैसे नव्हते, पण तो नदीच्या तळाशी आधीच हजर होता. फक्त तो ओळखून आपल्या साखळीत बसवायचा होता.

खडकवासल्याचं वाहून जाणारं पाणी

१८९९ मध्ये विश्वेश्वरय्या पुणे जिल्ह्याच्या सिंचनाचे कार्यकारी अभियंता झाले. खडकवासल्याचं दगडी धरण १८७० च्या दशकात बांधलेलं होतं. तेव्हा त्याला फाइफ तलाव म्हणत. त्यावर तीन गिऱ्हाइकं होती : पुणे शहर, लष्कराच्या छावण्या, आणि मुठा कालव्यावरची शेती. उजवा कालवा शहरातून पुढे हवेली ओलांडून दौंडकडे जायचा. एकाने जास्त पाणी घेतलं की दुसऱ्याचं कमी व्हायचं.

अडचण अशी होती की पावसाळ्यात तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून निघून जायचं आणि उन्हाळ्यात टंचाई व्हायची. धरणाची भिंत उंच करणं हा एक उपाय. पण त्याला खर्च मोठा, आणि जुन्या भिंतीवर वाढीव पाण्याचा भार किती टाकायचा हाही प्रश्न. सांडव्यावर कायमचा अडसर घातला तर मोठ्या पुरात पाणी भिंतीवरूनच जायचा धोका.

विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात न लावता सांडव्यावर बसवता येतील असे स्वयंचलित दरवाजे तयार केले. दरवाजा आणि त्याला तोलून धरणारं वजन यांचा समतोल असा साधलेला होता, की पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत असेल तर दरवाजा बंद राहायचा. पातळी त्याच्या वर गेली की पाण्यामुळेच तो तोल बदलायचा आणि दरवाजा उघडायचा. पूर ओसरला की पुन्हा बंद. रात्री-अपरात्री, भर पावसात कुणी माणूस चाक फिरवायला धावायची गरज नव्हती. १९०३ मध्ये ते खडकवासल्याला बसले आणि पाण्याची पातळी पूर्वीपेक्षा सुमारे ८ फूट वर राखता येऊ लागली. या रचनेचं पेटंटही त्यांच्या नावावर झालं.

सॉफ्टवेअरच्या भाषेत बघितलं तर हा आदर्श घटक आहे. त्याचं काम एकच आणि स्पष्ट होतं. बाकीच्या धरणाशी त्याचा संबंध एकाच गोष्टीतून यायचा, ती म्हणजे पाण्याची पातळी. त्यामुळे तो बसवताना बाकीचं धरण मोडून नव्याने बांधावं लागलं नाही. आणि घटकाच्या सीमा इतक्या स्पष्ट असल्या की तो दुसऱ्या प्रकल्पातही नेता येतो. पुढे याच प्रकारचे दरवाजे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरवर बसले. एका जिल्ह्यातल्या एका अडचणीवर शोधलेला घटक तीन प्रकल्पांत वापरला गेला.

कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याचा हिशेब

धरणात पाणी साठवणं झालं, पण ते वाटायचं कसं? दख्खनच्या कालव्यांवर तेव्हा पाण्याची मागणी विखुरलेली असायची. कुठे दोन एकर ऊस, मग मैलभर काहीच नाही, मग पुन्हा थोडा भिजवा. या सुट्या तुकड्यांपर्यंत पाणी नेताना बरंचसं पाणी चारीतच जिरायचं. ज्याच्या शेतात ऊस, त्याच्याकडे भरपूर पाणी, इतकं की काही ठिकाणी जमिनी पाणथळ होऊन खराब होऊ लागल्या. बाकीच्यांच्या वाट्याला थोडं.

यावर विश्वेश्वरय्यांनी गटपद्धत मांडली. तिला ब्लॉक सिस्टीम म्हणतात. कालव्याखालच्या जमिनीचे सलग गट पाडायचे आणि काही वर्षांसाठी त्या गटांना पाणी मंजूर करायचं. गटाच्या एका भागात ऊस, बाकीच्या भागांत कमी पाण्याची पिकं, आणि वर्षागणिक त्यांची अदलाबदल. त्यामुळे पाणी कमी लांबीच्या चाऱ्यांतून जायचं, जमिनीला विसावा मिळायचा आणि तेवढ्याच पाण्याचा लाभ जास्त गावांना व्हायचा. नीरा कालव्यावर ही पद्धत लागू झाली.

कागदावर हे सरळ दिसतं, पण विरोध झाला. ज्यांना हवं तेवढं पाणी मिळायची सवय होती, त्यांना उसावर आलेलं बंधन आवडलं नाही. विश्वेश्वरय्यांना शेतकऱ्यांशी बोलावं लागलं, पद्धत समजावून सांगावी लागली, त्यांच्या अडचणी ऐकाव्या लागल्या. हळूहळू विरोध मावळला.

सॉफ्टवेअरवाल्यांनी हा भाग नीट वाचावा. कार्यालयात बसून प्रक्रियेची आकृती सुंदर काढता येते. पण जो माणूस रोज ती वापरणार आहे, त्याच्या कामाची जुनी पद्धत आपण बदलत असतो. गोदामातल्या माणसाला विचारल्याशिवाय त्याच्या कामाचा टप्पा ठरवला तर तो माणूस आपल्या वहीतच नोंदी ठेवत राहतो आणि सिस्टीममध्ये माहिती येत नाही.

शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळतं की वरच्यांनीच ते संपवलं, यावरून तो कालव्याची परीक्षा करतो. धरणाची उंची त्याच्या हिशेबात नंतर येते.

एक फुटला की पुढचा फुटतो

मुंबई प्रांताच्या सेवेत विश्वेश्वरय्या अधीक्षक अभियंत्यापर्यंत पोचले. १९०६ मध्ये त्यांना एडनच्या पाणीपुरवठ्याचा आणि सांडपाण्याचा आराखडा करायला पाठवलं गेलं. पण त्या काळात भारतीय माणसाला प्रांताचा मुख्य अभियंता होता येईल अशी शक्यता त्यांना दिसत नव्हती. १९०८ च्या सुमारास त्यांनी ही नोकरी सोडायचं ठरवलं.

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादमध्ये मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसं गेली, शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. निजामाच्या सरकारने विश्वेश्वरय्यांना सल्लागार म्हणून बोलावलं.

त्यांनी शहरापासून सुरुवात न करता वरच्या खोऱ्याकडे पाहिलं. पाऊस किती पडला, कुठे पडला, पाणी कुठून आलं, याचा हिशेब मांडला. मुसीच्या खोऱ्यात शेकडो लहान तळी होती. अतिवृष्टीत वरचं तळं फुटलं की त्याचं पाणी खालच्या तळ्यात, मग तेही फुटायचं, आणि ही सगळी भर एकदम नदीत यायची. प्रत्येक तळं वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या माणसांनी, आपल्यापुरता विचार करून बांधलेलं होतं. सगळी मिळून एक साखळी झाली आहे, हे कुणी पाहिलं नव्हतं.

शहराच्या वरच्या अंगाला दोन मोठे जलाशय बांधून पूर आधीच अडवावा, असा त्यांचा आराखडा होता. त्यातून पुढे मुसीवर उस्मानसागर आणि इसी नदीवर हिमायतसागर उभे राहिले. पूर अडवायचं आणि शहराला पाणी द्यायचं, अशी दोन्ही कामं त्यांनी केली.

आजच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये एखादा घटक पुसायच्या किंवा बदलायच्या आधी, तो कुठे कुठे वापरलाय ते दाखवणारी सोय असते. घाईत बरेच जण ती उघडतच नाहीत. मुसीच्या खोऱ्यात अशी यादी आधी कुणी केली असती, तर शहराच्या डोक्यावर काय टांगलंय ते दिसलं असतं.

पहिला टप्पा ८० फुटांचा, पाया १२४ फुटांचा

१९०९ च्या अखेरीस विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ ते १९१८ दिवाण होते. कावेरीवरचं कृष्णराजसागर हा त्यांचा सर्वांत मोठा प्रकल्प. काम १९११ मध्ये सुरू झालं.

या धरणावर एकाच वेळी बऱ्याच गोष्टी अवलंबून होत्या. शिवनसमुद्रच्या वीजकेंद्रातून १९०२ पासून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज जात होती आणि उन्हाळ्यात नदीचा प्रवाह आटला की विजेचा प्रश्न यायचा. मंड्याच्या कोरड्या भागाला शेतीसाठी पाणी हवं होतं. आणि खाली मद्रास प्रांत होता, त्याच्या शेतकऱ्यांचाही कावेरीवर हक्क होता.

मद्रासने सुरुवातीला मान्यता दिली ती ८० फुटांच्या पहिल्या टप्प्याला. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र १२४ फुटांच्या पूर्ण धरणाला पुरेल असाच घेतला. मद्रासचा त्याला आक्षेप होता आणि वाद लवादापर्यंत गेला. पण इंजिनियर म्हणून त्यांचा हिशेब साधा होता. भिंत नंतर उंच करता येते, पाया नंतर रुंद करता येत नाही. सिमेंटऐवजी सुरखी चुना वापरून त्यांनी स्थानिक साहित्यावर काम चालवलं. धरण आणि कालवे पूर्ण व्हायला १९३० चं दशक उजाडलं, तोवर त्यांनी दिवाणपद सोडून बरीच वर्षं झाली होती. प्रकल्प चालू राहिला, कारण त्याचे टप्पे, कामं आणि कागदपत्रं एका माणसाच्या डोक्यात अडकलेली नव्हती.

दिवाण म्हणून त्यांनी बँक, साबणाचा कारखाना, म्हैसूर विद्यापीठ आणि बंगळुरूचं इंजिनियरिंग कॉलेज अशा संस्था उभ्या केल्या. पुढे भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची घडी बसवली. १९३४ मध्ये भारताच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं.

१२ जुलै १९६१

विश्वेश्वरय्यांनी शंभरी गाठली, त्या सुमारास पुण्यात एक भयंकर घटना घडली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं नवं, अजून पूर्ण न झालेलं धरण फुटलं. ते सगळं पाणी खाली खडकवासल्यात आलं. आठ दशकं उभी असलेली खडकवासल्याची भिंतही त्या लोंढ्याने फुटली आणि पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला.

विश्वेश्वरय्यांनी ज्या धरणावर आपले दरवाजे बसवले होते, तेच हे धरण. खडकवासल्याची भिंत आपल्या वाट्याच्या पाण्यासाठी बांधलेली होती. वरच्या अख्ख्या धरणाचं पाणी एकदम अंगावर येईल, हा भार तिच्या हिशेबात नव्हता. मुसीच्या तळ्यांच्या बाबतीत त्यांनी जे कागदावर मांडलं होतं, ते ५० वर्षांनी त्यांच्या पहिल्या कर्मभूमीत घडलं. एप्रिल १९६२ मध्ये विश्वेश्वरय्या गेले.

मग प्रोजेक्ट उघडताना काय बघायचं?

शिक्रापूर, सणसवाडी, चाकणच्या पट्ट्यात रोज नवे कारखाने आणि नव्या सिस्टीम येतात. त्या एकमेकींना जोडणाऱ्या तरुणांसाठी विश्वेश्वरय्यांच्या कामातून चार साध्या सवयी घेता येतात.

घटकाला एकच काम द्या आणि तो बाकीच्यांशी कुठे जोडलाय ते नेमकं लिहून ठेवा. सामायिक घटकाला हात लावण्याआधी त्याच्यावर कोण कोण अवलंबून आहे त्याची यादी काढा. पहिला टप्पा लहान असला तरी साचा पुढच्या वाढीला पुरेल असा घ्या, कारण माहितीचा साचा नंतर बदलणं म्हणजे उभ्या भिंतीखालचा पाया बदलणं. आणि चाचणी नेहमी शेवटच्या टोकाला जाऊन करा. ऑर्डर सिस्टीममधून सुटली, एवढ्यावर समाधान मानू नका. ट्रक भरून बिल निघालं का, ते बघा.

शेतकरी हेच करतो. पाणी सुटल्याची बातमी ऐकून तो घरी बसत नाही. खांद्यावर खोरं टाकून चारीच्या शेवटाला जातो आणि वाफ्यात पाणी शिरलेलं दिसलं की मगच आवर्तन मिळालं म्हणतो.